मे महिन्यातला लाल दिवा

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत हिरव्या नंबरप्लेटची पहिली गाडी माझी. नेक्सॉन ईव्ही, 30.2 किलोवॉट-तासांची बॅटरी. गणपतीच्या जरा आधी घेतली, तेव्हा भेटेल तो विचारायचा, ‘पावसात शॉक नाही का लागणार?’ स्टिल्टखाली पाणी साचलं की गाडी चार्जिंगला लावायची नाही, एवढं पथ्य मी पाळलं. बाकी पावसाळाभर ती रोज रात्री निमूट चार्ज झाली. अडून बसली ती होळीनंतर.

त्याआधी केबलचं प्रकरण झालं होतं. अंधेरीचं ऑफिस आणि परत, पवईची कोंडी धरूनही ही गाडी आरामात करते. उपनगरात खरा प्रश्न मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतच्या अंतराचा. माझा मीटर जिन्याखाली, पार्किंग पार दुसऱ्या टोकाला, आणि मधली सगळी भिंत सोसायटीची. कमिटीत पहिली शंका, ‘वीज कोणाची जळणार?’ अर्ज, नकाशा, पुन्हा अर्ज. शेवटी माझ्याच मीटरवरून आर्मर्ड केबल आली. टोकाला कुलूपबंद पेटी, तीत एमसीबी, आरसीसीबी आणि 15 अँपिअरचा सॉकेट. पहिल्या बिलात मी 300 युनिटांच्या पुढच्या स्लॅबमध्ये गेलो. पेट्रोलच्या हिशेबात तेही स्वस्तच, पण महिन्याला बरंच फिरणाऱ्याने ईव्हीसाठी वेगळा मीटर घ्यावा हे बरं.

तर होळीनंतर एका रात्री चार्जरच्या डबीवर लाल दिवा. कधी पहाटे आपोआप हिरवा व्हायचा, कधी नाही. एप्रिलमध्ये वरचेवर, मे महिन्यात रोज. बाहेरच्या फास्ट चार्जरवर भागलं असतं, पण पूर्णपणे नाही. या गाडीची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे आत नेमका किती चार्ज आहे याचा अंदाज गाडीलाही चुकत जातो. अधूनमधून घरच्या संथ चार्जिंगवर 100 टक्के भरली की सेल एका पातळीवर येतात आणि आकडा खरा होतो. म्हणून घरचा सॉकेट हवाच.

वायरमन मल्टिमीटर घेऊन आला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्ट दिसले तर ठीक. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट. ‘साहेब, गाडी चांगली आहे. बिल्डिंगला अर्थिंगच नाही.’ लगेच त्याने उपायही सांगितला : सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू, चार्जरला कळणारसुद्धा नाही. हा जुगाड मुंबईभर चालतो आणि तो जीवघेणा आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर करंट थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. मी त्याला अर्थिंगचा खड्डा शोधायला सांगितलं.

खड्डा सापडला कंपाउंडच्या भिंतीलगत, पेव्हर ब्लॉकखाली. जुन्या पद्धतीचा : लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर उन्हाळ्यात पाणी ओतायला नरसाळं. सुशोभीकरणात ते नरसाळंच झाकलं गेलं होतं. पाणी बंद, पाइप गंजून चाळण. पावसाळ्यात जमीन भिजायची म्हणून अर्थिंग कसंबसं लागायचं, माती सुकली की गेलं. म्हणजे ज्या पावसाची सगळ्यांना धास्ती, त्याच्याच जिवावर माझी गाडी चार्ज होत होती. तळमजल्यावरच्या काकू वॉशिंग मशीन लावताना लाकडी पाटावर उभ्या राहतात, त्याचाही उलगडा झाला. मशीनला हात लावला की मुंग्या येतात, हे त्या कधीपासून सांगत होत्या. त्यांना सगळ्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्या होत्या.

खर्च कोणाचा, यावर सभा रंगली. ‘गाडी तुमची, खड्डा तुम्हीच करा,’ असं एक जण म्हणाले. मीटरच्या अलीकडचं अर्थिंग ही वीज कंपनीची नव्हे, आपली जबाबदारी. आणि ते प्रत्येकाच्या फ्रिज-गिझरचं आहे, माझ्या एकट्याचं नाही, हे मी सांगून पाहिलं. पटवलं मात्र काकूंनी, दोन वाक्यांत. सोसायटीने दोन नवे केमिकल अर्थिंगचे खड्डे घेतले, अर्थ टेस्टर लावून नोंद ठेवली. लाल दिवा त्यानंतर लागलेला नाही.

आता वाद लोडचा आहे. बिल्डिंगची मुख्य केबल घरटी एक एसीसुद्धा नव्हता तेव्हाची. तिसऱ्या मजल्यावरच्यांना 7.2 किलोवॉटचा चार्जर हवाय आणि ते रात्री दहाला, सगळे एसी चालू असताना गाडी लावणार. निवृत्त सेक्रेटरींनीही गाडी बुक केली आहे. 1 जुलै 2025 पासून महावितरण स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत सवलत देतं, म्हणून ते दुपारी चार्ज करणार. दुपारी माझी गाडी अंधेरीत असते, तेव्हा ती सवलत मला काही मिळायची नाही. केबल बदलायचं कोटेशन आलंय. आकडा पाहून सभा पुढे ढकलली.