बालेवाडी आठच किलोमीटर होती, बॉस!

काळेवाडीतला वन बीएचके, चार बॅचलर आणि एकच टीव्ही. २०१२-१३ चा सीझन आम्ही असा काढला. शनिवारी रात्री साडेआठला चॅनेल बदलायची कुणाची हिंमत नसायची. सर ॲलेक्स फर्ग्युसनचा तो शेवटचा सीझन. एप्रिलमध्ये रॉबिन व्हॅन पर्सीनं ॲस्टन व्हिलाला तीन गोल ठोकले, मँचेस्टर युनायटेडचं विसावं विजेतेपद पक्कं झालं. मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला, सकाळी फर्स्ट शिफ्ट! तरी जागलो, आणि आरडाओरडा केला म्हणून खालच्या काकांच्या शिव्याही खाल्ल्या.

त्याच महिन्यांत आमच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर आणखी एक टीम चॅम्पियनशिपसाठी लढत होती, आणि आमच्यापैकी एकानंही तिची एक मॅच पाहिली नाही.

तिचं नाव पुणे एफसी. २००७ मध्ये सुरू झालेला क्लब. सेकंड डिव्हिजनमधून वर येऊन २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या भारतातल्या टॉप डिव्हिजनमध्ये उतरला आणि पहिल्याच फटक्यात तिसरा आला. इंग्लंडमध्ये एखाद्या नवख्या टीमनं हे केलं असतं, तर आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये महिनाभर तेच चघळलं असतं. गोव्याचे डेरिक परेरा कोच, पुढे साउथ सुदानचा जेम्स मोगा. आणि अराता इझुमी! हा जपानमध्ये जन्मलेला गडी; त्यानं भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये भारताच्या टीममधून खेळला. बालेवाडीत राजरोस पाहता आला असता हो.

त्या सीझनला चौदा टीम्स, सव्वीस मॅचेस. शेवटी गोव्याची चर्चिल ब्रदर्स ५५ गुणांनी पहिली, पुणे ५२ वर दुसरं. एक मॅच इकडची तिकडे झाली असती तर? मला हा हिशेब आजही त्रास देतो. आमच्या चार घशांमुळे गोल झाला असता असं नाही, पण काकांच्या शिव्या तरी सत्कारणी लागल्या असत्या.

मग २०१४ मध्ये आयएसएल आली. एफसी पुणे सिटी, डेव्हिड त्रेझेगे, ग्लॅमर. तेव्हा मात्र आम्ही जर्सी घालून गेलो! तिकडे पुणे एफसी २०१४-१५ च्या आय-लीगनंतर बंद झाला. आणि ज्याच्यासाठी आम्ही जर्सी घेतली, तो क्लबही २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याची जागा हैदराबादनं घेतली.

परवाच्या रविवारी उगाच बाइक काढली. काळेवाडी फाटा, कस्पटे वस्ती, वाकडहून हायवे, मुळेवरचा पूल ओलांडला की बालेवाडी. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं हे संकुल. २००८ मध्ये इथे कॉमनवेल्थ यूथ गेम्सही झाले. ट्रॅफिक धरूनही अर्ध्या तासात पोचलो. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, ‘‘कुठे जायचंय?’’

‘‘मॅच बघायला आलो होतो,’’ म्हटलं.

‘‘आज कुठली मॅच?’’

परतताना फाट्यावर चहा घेतला. शेजारच्या टेबलावर युनायटेडच्या जर्सीतली दोन पोरं रात्रीच्या मॅचवर पैज लावत होती.