तटांच्या आतली शांतता

भूमध्य समुद्रातील बेटांवर तटबंदीची जुनी नगरे पुष्कळ आहेत. दुरून पाहता ती सारखीच भासतात : मधाच्या रंगाचे दगड, खोल खंदक, वेशीवर कोरलेल्या राजमुद्रा. ऱ्होड्स आणि माल्टा या बेटांमध्ये तर खरेच नाते आहे. सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी १३०९ पासून दोन शतकांहून अधिक काळ ऱ्होड्सवर राज्य केले. १५२२ च्या वेढ्यात सुलतान सुलेमानाने ते जिंकले आणि १५३० मध्ये हा संघ माल्टात येऊन स्थिरावला.

माल्टाची तेव्हाची राजधानी मदिना. टेकडीवरच्या या नगराचे नावच ‘नगर’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडले. आरमार बाळगणाऱ्या योद्ध्यांना मात्र बंदर हवे होते. त्यांनी समुद्रकाठी मुक्काम केला, १५६६ मध्ये व्हॅलेटाचा पाया घातला, आणि मदिना मागे पडली. आज तेथे तीनशेच्या आत माणसे राहतात. मोटारींना मोजकाच प्रवेश आहे. दिवसा प्रवाशांची वर्दळ असते. पण संध्याकाळी वळणावळणाच्या बोळांतून घोड्यांच्या टापा दूर जातात आणि उंच भिंतींमध्ये पावलांचा आवाज तेवढा उरतो. सत्ता निघून गेलेल्या घराण्याने रीतभात सांभाळावी, तशी ही शांतता आहे. तिला ‘शांत नगरी’ म्हणतात, ते योग्यच आहे.

ऱ्होड्स मात्र गजबजलेले. सुमारे चार किलोमीटर तटाच्या आत दुकाने आहेत, मिनार आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत आणि असंख्य मांजरे. योद्ध्यांचा प्रसिद्ध रस्ता सरळ चढत महाप्रमुखाच्या वाड्याकडे जातो. पण तो जरा अधिकच नीटनेटका वाटतो. १८५६ च्या स्फोटात उद्ध्वस्त झालेला हा वाडा इटालियन राज्यकर्त्यांनी १९३७ ते १९४० या काळात पुन्हा उभारला. भव्यता आहे, परंतु नाटकाच्या नेपथ्यासारखी. नगराचा जीव दक्षिणेकडच्या, समुद्रातल्या गोट्यांनी फरसबंद केलेल्या गल्ल्यांत आहे.

याच गजबजाटात, पूर्वेच्या ज्यू वस्तीत, दुसरी एक शांतता भेटते. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी येथील सोळाशेहून अधिक ज्यूंना पकडून आउशवित्झला पाठवले. सुमारे दीडशेच जिवंत राहिले. समुद्रघोड्यांच्या कारंज्याजवळ त्यांचा काळ्या दगडाचा स्मृतिस्तंभ आहे. भोवती उपाहारगृहांच्या खुर्च्या. पलीकडच्या बोळात १५७७ चे ‘काहाल शालोम’ हे प्रार्थनास्थळ उभे आहे. जगभर विखुरलेल्या कुटुंबांचे वंशज उन्हाळ्यात येतात, तेव्हा तेथे प्रार्थनेचे स्वर उमटतात. एरवी, बाहेरच्या गल्लीत आहेत तसल्याच काळ्या-पांढऱ्या गोट्यांची जमीन, आणि तिच्यावरून हलक्या पावलांनी फिरणारे परके लोक.