घासलेले नाणे आणि प्रूफ नाणे

कोकणातल्या जुन्या घरांत पेटीच्या तळाशी, कापडाच्या पुरचुंडीत एखादे तरी चांदीचे नाणे असतेच. कुणाच्या आजोबांनी जहाजावरच्या नोकरीतून साठवलेले, कुणाच्या दादीला निकाहात मिळालेले. हल्ली मोबाइलवर अशा नाण्यांच्या लाखालाखाच्या किमती फिरतात आणि पुरचुंड्या सुटू लागतात.

रत्नागिरीत आमच्या शेजारच्या चाचींची पुरचुंडी अशीच सुटली. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. आत गांधीजींच्या जन्मशताब्दीला, 1969 साली निघालेले दहा रुपयांचे चांदीचे नाणे होते. नातवाने ते दंतमंजनाने घासून लखलखीत केले आणि आमच्याकडे आणले. "सर, हे प्रूफ आहे. गिऱ्हाईक तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा."

आम्ही दोघेही शिक्षक. घरात भिंग असते. ते काढले आणि नाणे दिव्याखाली धरले.

प्रूफ म्हणजे चकचकीत नाणे नव्हे, ती घडवण्याची निराळी रीत आहे. रोजचे नाणे टांकसाळीत एका झटक्यात ठोकले जाते, इतर नाण्यांवर आदळते आणि पोत्यात जाते. प्रूफसाठी ठसा आणि कोरी चकती दोन्ही आधी आरशासारखी करतात, जास्त दाबाने एकापेक्षा अधिक ठोके देतात आणि नाणे हातमोज्यांनी उचलून डबीत ठेवतात. त्यामुळे सपाट भाग आरशासारखा दिसतो, त्यात छापील अक्षराचे प्रतिबिंब स्वच्छ उमटते. अक्षरांच्या कडा धारदार असतात, काठ काटकोनात उठलेला असतो. पुष्कळ प्रूफ नाण्यांवर चित्र दुधी आणि भोवतालची जमीन काळसर आरशासारखी दिसते.

घासलेल्या नाण्याची चमक सगळीकडे सारखी असते, चित्रावर तशीच जमिनीवर. भिंगातून बारीक ओरखडे दिसतात आणि ते जमिनीवरून थेट अक्षरांवर चढतात. प्रूफच्या ठशाला पॉलिश करताना राहिलेल्या रेषा नाण्यावर किंचित उठून येतात, पण अक्षराच्या कडेपाशी थांबतात. घासलेल्या नाण्यात अक्षरांच्या खाचांत काळा मळ किंवा पांढरी पूड अडकलेली असते, गाल-कान यांसारखे उंच भाग गुळगुळीत झालेले असतात. टांकसाळीच्या खुणेचीही मदत होते: मुंबईच्या साध्या नाण्यावर सालाखाली छोटा हिरा असतो, तर प्रूफवर अनेक वर्षे इंग्रजी बी आणि पुढे एम हे अक्षर आले. मात्र केवळ खुणेवर निकाल देऊ नये.

चाचींच्या नाण्यात गांधीजींच्या कानाची वळणे झिजली होती आणि ओरखडे गालावरून सरळ अक्षरांपर्यंत गेले होते. ते वापरातले नाणे होते. आम्ही तसे सांगितले तेव्हा नातवाचा चेहरा उतरला. "गिऱ्हाइकाला कुठे कळणार आहे?" तो पुटपुटला.

चाची ओट्यावर बसून ऐकत होत्या. "त्याला नाही कळणार, पण आपल्याला कळलंय ना, बेटा? डोळे त्या पैशाने उघडायचेत मला."

गिऱ्हाइकाला खरे सांगितले गेले. त्याने चांदीचा भाव दिला. नाणे पंधरा ग्रॅमचे, चांदी ऐंशी टक्के, म्हणजे शुद्ध चांदी बारा ग्रॅम. लाख मिळाले नाहीत. ऑपरेशनसाठी कमी पडलेली रक्कम नातवाने पगारातून उचल घेऊन भरली.

घरात जुने नाणे असेल तर ते चिंच, आमसूल, राख, दंतमंजन कशानेही घासू नका. संग्राहक काळवंडलेल्या नाण्यालाही किंमत देतो, ओरखडलेल्याची कमी करतो, आणि गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. नाणे काठाला धरा, मऊ कापडावर ठेवा, विकण्याआधी दोन जाणकारांना दाखवा. आणि ते घासलेले असेल, तर भाव ठरण्याआधीच घेणाऱ्याला सांगा.