बालाघाटाचे शब्द

पदव्युत्तर वर्गात ललितगद्य शिकवताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते. ‘निसर्ग’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या मनात जे चित्र उभे राहते ते कोकणचे असते, मावळाचे असते, फार तर महाबळेश्वरचे असते. सोलापूरचे कधीच नसते. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मुले हिरव्या दऱ्यांची आणि धुक्याची वर्णने तोंडपाठ म्हणतात, आणि स्वतःच्या गावाविषयी लिहा म्हटले की वहीत एकच वाक्य उतरते : ‘आमच्याकडे नुसता माळ आहे.’ या ‘नुसता’ शब्दाने मी अनेक वर्षे अस्वस्थ आहे. ज्या भूमीवर आपण वाढलो तिच्यासाठी आपल्याकडे शब्द नाहीत असे मानणे ही केवळ भूगोलाची नव्हे, भाषेचीही अडचण आहे.

२०२४च्या सप्टेंबरात विभागाची सहल ठरली तेव्हा मुलांना हरिश्चंद्रगड हवा होता. गुहा, कडे, धबधबे, सारे एकाच ठिकाणी. अंतर, खर्च आणि पालकांची काळजी असा तिहेरी विचार करून मी बालाघाट सुचवला : नळदुर्ग, धाराशिवची लेणी आणि येडशीचे रामलिंग. दोन दिवस, मुक्काम तुळजापूरला. वर्गात जी नाराजी पसरली ती बोलून दाखवण्याइतकी मुले उद्धट नव्हती. एकीने तेवढे विचारले, “सर, तिकडे डोंगर आहेत का?”

प्रश्न अगदीच गैर नव्हता. बालाघाट सह्याद्रीसारखा समोर उभा राहत नाही. अहिल्यानगरकडून बीड, धाराशिव असे आग्नेयेकडे सरकत जाणारे हे बेसाल्टचे पठार. त्याच्या एका अंगाचे पाणी गोदावरीला जाते आणि दुसऱ्या अंगाचे भीमेला. पठारावरून चालताना आपण डोंगरावर आहोत हे कळतच नाही. कड्याशी आल्यावर एकदम पायांखाली दरी उघडते. येथे चढण्याआधी उतरावे लागते. गिर्यारोहणाच्या आपल्या रूढ कल्पनांना हा मोठाच धक्का असतो.

पहिला थांबा नळदुर्ग. बोरी नदी किल्ल्यातून वाहते आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, तिच्यावर बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे. वरून पाणी कोसळत असते आणि आत माणूस कोरडा उभा राहून ते पाहू शकतो. बोरी भरून वाहत होती, त्यामुळे नर आणि मादी हे दोन्ही धबधबे जोरात होते. तुषारांनी भिजलेल्या एका मुलाने विचारले, “सर, हा धबधबा निसर्गात मोडतो की वास्तुकलेत?” मला तो प्रश्न फार आवडला. जिथे पाणी मुबलक असते तिथे धबधबा फक्त पाहायचा असतो. जिथे ते मोजून मिळते तिथे आधी अडवावे लागते, मग त्याचे कोसळणे पाहण्याची चैन परवडते. आमच्या भागात धबधब्यालाही माणसाच्या श्रमाचा आधार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिवच्या लेण्यांकडे निघालो. शहरापासून सातआठ किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत हा लेणीसमूह आहे. तो मूळचा बौद्ध की जैन, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा चालू आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना मात्र या लेण्यांशी आपले वेगळे नाते सांगता येते. कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य साधारण अकराव्या शतकातले, डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. त्यात तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्याची कथा येते. तेरापूर म्हणजे आजचे तेर. राजा करकंड लेण्यात जातो, त्याला जिनमूर्तीपाशी दगडात एक गाठ दिसते. ती फोडायला सांगितल्यावर तिथून पाण्याचा लोट उसळतो आणि सारे लेणे पाण्याने भरून जाते.

ही कथा मी लेण्याच्या ओसरीत उभा राहून सांगत होतो. मराठीची पूर्वपीठिका, अपभ्रंश, कथानकरूढी असे माझे नेहमीचे चालले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, “सर, त्यो उपळ आसंल.”

बोलणारा बार्शी तालुक्यातला. वर्गात कधी तोंड न उघडणारा. प्रकट वाचनात एकदा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ वाचल्यावर पिकलेला हशा त्याच्या मनातून गेलेला नव्हता, हे मला ठाऊक होते. मी थांबलो आणि त्याला पुढे बोलावले. त्याने सांगितले, की जोराचा पाऊस लागून राहिला की त्यांच्या रानात बांधाच्या अंगाने आपोआप पाणी वर येते. त्याला उपळ फुटला म्हणतात. विहीर नाही, झरा नाही. चार दिवस असतो, मग आटतो. फार दिवस राहिला तर रान चिबड होते, पीक पिवळे पडते. “गाठ फोडली म्हून पानी आलं न्हाई. पानी वर मुरत हुतं, त्याला वाट घावली.”

भूगर्भशास्त्राची भाषा वापरली तर हेच सांगावे लागेल : बेसाल्टच्या भेगाळ थरातून झिरपलेले पाणी खालच्या कठीण थराशी अडते आणि उताराच्या बाजूने बाहेर पडते. लेण्याच्या छतातून त्या क्षणीही थेंब ठिबकत होते. करकंडाच्या कथेत ते अद्भुत आहे, पण ती कथा रचणाऱ्याने किंवा तिच्या पूर्वसूरीने हा डोंगर पावसाळ्यात पाहिला असावा, असे मला प्रथमच वाटले. तोवर मी तिच्याकडे रूढी म्हणून पाहत होतो, त्या मुलाने ती एका ऋतूत आणून ठेवली.

दुपारी येडशी. रामलिंगचे देऊळ डोंगरांच्या खोलगट वाटीत आहे, भोवताली अभयारण्य. जटायूने येथे प्राण सोडला आणि त्याच्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी श्रद्धा आहे. म्हणजे येथेही पुन्हा खडक आणि पाणी. देवळापासून ओढ्याच्या कडेने आम्ही धबधब्याकडे चढू लागलो तेव्हा आमचा वाटाड्या आपोआप ठरला होता. हा धावडा, ही सालई, हा हिवर, हा तरवड. ह्या गवताची कुसळे दिवाळीनंतर कपड्यांत शिरतात. ह्या बेचक्यात मेंढरे बसतात. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांकडे जाऊन माळशेज पाहून आलेली मुले त्याच्यामागून वह्या काढून चालत होती. मीही त्याच्यामागे होतो.

अशा वेळी मारुती चितमपल्ली आठवणे अपरिहार्य होते. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा लेखक २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेला. त्यांचे लेखनातले रान प्रामुख्याने विदर्भाचे, नवेगाव-नागझिऱ्याचे. पण त्यांनी घालून दिलेली शिस्त कुठल्याही रानाला लागू पडते. वस्तूला तिथली माणसे काय म्हणतात हे आधी विचारायचे, आणि नाव नसेल तरच नवे घडवायचे. ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे त्यांचे शब्द आपण कौतुकाने सांगतो. त्यामागचे विचारणे मात्र आपल्या अभ्यासक्रमात कुठेच येत नाही.

आम्ही परतल्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर शेते, रस्ते, ओढे ओलांडत तो येथवर आला होता. ‘नुसत्या माळा’तून वाघाला वाट सापडली, यावर वर्गात बरीच चर्चा झाली. बार्शीचा विद्यार्थी त्या चर्चेत होता, पण काळजीच्या सुरात. त्याच्या घरची जनावरे त्याच पट्ट्यात चरतात.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जे पाणी आले ते सर्वांना ठाऊक आहे. सीनेने गावे वेढली, ओढ्यांनी पात्रे बदलली. दहा दिवस तो वर्गात नव्हता. आला तेव्हा ललितगद्याच्या तासिकेसाठी एक वही घेऊन आला. तीत धबधब्याचे वर्णन नव्हते. ओळीने शब्द लिहिले होते, प्रत्येकापुढे दोनतीन वाक्ये : उपळ, चिबड, ओघळ, बरड, गाळ बसणे, खरडून जाणे. शेवटच्या दोहोंपुढे त्याने लिहिले होते, की पंचनाम्यात यांचा हिशेब वेगळा धरतात. गाळ बसला असेल तर तो उपसून शेत पुन्हा करता येते. खरडून गेले तर मातीच गेलेली असते, खाली खडक राहतो. त्यांच्या तीन एकरांपैकी सव्वा एकर खरडून गेले होते.

त्या दिवशी नेमलेला पाठ मी बाजूला ठेवला आणि ती वही त्यालाच वर्गात वाचायला सांगितली. त्याने ‘पानी’ असेच वाचले. खरडून गेलेल्या जमिनीचे पान आले तेव्हा मागच्या बाकावरच्या माढ्याच्या मुलीने हात वर केला. त्यांच्याकडे याला आणखी एक शब्द आहे, म्हणाली. फळ्यावर अजून जागा होती.