नांदेडची दोन मतं

२३ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी विधानसभेचा निकाल बघता बघता लातूरच्या घरात टीव्ही बंद करून मी म्हणालो होतो, ‘मशीननं घात केला.’ पुढचे कित्येक दिवस भेटेल त्याला तेच ऐकवलं. आज माझं ते मत राहिलेलं नाही. बोललो चारचौघांत, म्हणून मागेही चारचौघांतच घेतो.

कारण नांदेड. खासदार वसंतराव चव्हाण गेले आणि लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला झाली. एकाच केंद्रावर त्याच माणसांनी दोन-दोन मतं दिली. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले. त्याच मतदारसंघातल्या भोकर, नायगाव, देगलूर, मुखेड, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण या सहाही विधानसभा महायुतीनं घेतल्या. माझं उत्तर तयार होतं : ‘संशय येऊ नये म्हणून एक जागा सोडली.’

मग नायगाव तालुक्यातल्या गावी गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, ‘वसंतराव गेले, त्यांच्या लेकराला एक दिलं. अन् माझ्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकले, त्यांना एक.’

‘व्हीव्हीपॅटची चिठ्ठी बघितली का पण?’

‘दोन्ही बघितल्या की खिडकीत. भाऊजी, मला निशाणी वळखू येईना व्हय?’

भाकरी तव्यावर पडली. मी गप्प झालो. ज्या मताला मी चोरीचं म्हणत होतो, ते आमच्याच घरातल्या बाईनं विचार करून दिलेलं होतं, आणि तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

लातूरचंही तेच. शहरात काँग्रेसचे अमित देशमुख निवडून आले, ग्रामीणमध्ये काँग्रेसचेच धीरज देशमुख पडले; दोन्हीकडे फरक दहा हजारांच्या आतला. मी मशीनवर बोट ठेवलं ते फक्त ग्रामीणच्या. काय दाखवलं तर माझा संशय फिटेल, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

नांदेडच्या निकालानं यंत्र निर्दोष ठरतं, असं मी म्हणत नाही. विधानसभेच्या एका मतदारसंघात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. त्या वाढवा, ही माझी मागणी आजही कायम आहे. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. नांदेडला लोकसभेचं मतदान त्याच दिवशी होतं, आणि बिलोली तालुक्यात एकानं कुऱ्हाडीनं मशीन फोडलं. तेव्हा मला तो राग आपला वाटला होता.

आता मला दुसरंच सलतं. मतदानाच्या दिवशी सकाळी अभिरूप मतदान होतं, निदान ५० मतं टाकून उमेदवारांच्या एजंटांसमोर मोजतात. संध्याकाळी एकूण मतांचा आकडा लिहिलेली १७-सी फॉर्मची प्रत एजंटला मिळते. मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा तिच्याशी ताडून बघता येतो. गावच्या केंद्रावरचा आमचा एजंट दुपारी जेवायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. ती प्रत आमच्याकडे कुणाकडेच नाही. पुढच्या खेपेला एजंटच्या बाकावर मी बसणार आहे. वहिनींना डबा सांगून ठेवलाय.