यंदाच्या माझ्या तबकड्या

दर वर्षीं चैत्र लागण्यापूर्वीं, सरत्या वर्षांत मनाला विशेष भावलेल्या तबकड्यांची यादी करण्याचा माझा जुना परिपाठ आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या अशा याद्या एका जाड वहींत उतरून ठेवल्या आहेत. पण त्यांतील बहुतेक तबकड्या त्या त्या वर्षीं निघालेल्या नाहींत. आमचे एक स्नेही यावरून माझी थट्टा करतात. त्यांच्या मतें यादी 'यंदाची' म्हणावयाची तर तबकडीहि यंदा प्रसिद्ध झालेली पाहिजे. मला हें मान्य नाहीं. रघुवंश कोणी यंदा प्रथम वाचला, तर त्याच्यापुरता तो यंदाचाच ग्रंथ होय. मात्र या वर्षीं यादी करावयास बसलों तेव्हां ती नेहमींप्रमाणें जुळेना, आणि त्याचें कारण तबकड्यांत नसून माझ्या कानांत होतें.

गेल्या आषाढांत कर्णतज्ज्ञांनीं माझ्या श्रवणाचा आलेख काढून दाखविला. डावीकडून निघालेली रेघ बराच वेळ सपाटीवरून चालते आणि सेकंदास दोन हजार कंपनांच्या पुढें गेली कीं घाटाच्या कड्यासारखी एकदम खालीं उतरते. वयोमानाचें बहिरेपण बहुधा असेंच येतें. तें खर्जाला हात लावीत नाहीं, उंच ध्वनींपासून आरंभ करतें. बोलण्यांतील स्वर ऐकूं येतात, पण स, श यांसारखीं व्यंजनें गळतात. ज्या उष्म वर्णांचीं उच्चारस्थानें मुलांकडून जन्मभर घोकून घेतलीं, तेच प्रथम निरोप घेऊं लागले! आमच्या सौ.चें म्हणणें, तुम्हांला सोयीचें तेवढेंच ऐकूं येतें. त्यावर वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

गाण्याच्या बाबतींत हा आलेख मला थोडा दयाळू वाटला. गवयाचा मूळ सूर बहुधा हजार कंपनांच्या आंतच असतो. त्यामुळें राग कळतो, बंदिश कळते, कोणी बेसूर झाला तर तें पूर्वींइतकेंच खटकतें. जातें तें सुरावरचें पाणी. तंबोऱ्याच्या जवारींतून उठणारें तेजोवलय, तबल्याच्या चाटेवरचा 'ना', गातांना घेतलेल्या श्वासाची बारीक चाहूल, हीं सर्व मला आतां ऐकण्यापेक्षां आठवावीं लागतात.

ज्याला हल्लीं सर्वत्र 'अल्बम' म्हणतात त्या शब्दाविषयीं येथें थोडें सांगतों. शिक्षकाची खोड जात नाहीं. लॅटिन भाषेंत 'अल्बुस' म्हणजे पांढरा, आणि 'अल्बम' म्हणजे जाहीर सूचना लिहावयाची पांढरी फळी. पुढें चित्रें, तिकिटें चिकटविण्याच्या कोऱ्या वहीला तें नांव पडलें. लाखेच्या तबकड्यांचे संच अशाच पुठ्ठ्याच्या वहींत, पानोपानीं पाकिटें लावून विकत. म्हणून संचालाहि तेंच नांव मिळालें. १९४८ सालीं अमेरिकेंत लांब वेळाची तबकडी निघाली आणि सबंध वही एका तबकडींत मावूं लागली, तरी नांव कायम राहिलें. आज माझी नात तबकडीवांचूनच मोबाइलवर 'अल्बम' ऐकते. असो.

यंदा अग्रस्थान दिलें आहे तें अब्दुल करीम खांसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांस. मूळच्या त्या लाखेच्या तबकड्या मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटें वाजणाऱ्या. माझ्यापाशीं आहे ती त्यांवरून पुढें केलेली लांब वेळाची तबकडी. खांसाहेब मूळचे कैराण्याचे. उत्तर वयांत ते मिरजेस राहिले आणि १९३७ सालीं मद्रासकडील प्रवासांत एका रेल्वे स्थानकावर त्यांनीं देह ठेवला. झिंझोटींतील त्यांची ठुमरी तर इतकी लोकप्रिय, कीं १९३५ च्या 'देवदास' बोलपटांत सैगलांनींहि ती गाइली.

पूर्वीं ही तबकडी लावली कीं प्रथम खरखर ऐकूं येई आणि तिच्या आडून, पावसांतून कोणी हांक मारावी तसे खांसाहेब येत. यंदा भाद्रपदांत ती लावली तों खरखर जवळजवळ नाहींशी झालेली! नितळ सूर तेवढा पुढें आला. मीं सूनबाईस हांक मारली. ती क्षणभर ऐकून म्हणाली, "बाबा, किती खरखरतंय हें! शब्द कळत नाहींत कीं." तेव्हां मला उलगडा झाला. त्या खरखरीचा पुष्कळसा भाग उंच कंपनांचा असतो, आणि तो माझ्या कानांनीं परस्पर काढून टाकला होता. शिवाय त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत उंचावरचे ध्वनि मुळांतच थोडे. आरंभीं तर वीज नव्हती. गवई कर्ण्यांत तोंड घालून गाई आणि आवाजाच्या जोरानेंच सुई हालून मेणावर रेघ उमटे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, कक्षा वाढली, तरी ती आजच्या मानानें अरुंदच होती. म्हणजे त्या यंत्रानें जें टिपलें नाहीं आणि माझ्या कानांनीं जें सोडलें, तें बहुतांशीं एकच आहे. कालपरवांच्या ध्वनिमुद्रणांत मी पुष्कळ गमावतों. खांसाहेबांच्या तबकडींत जवळजवळ कांहींच गमावीत नाहीं. साऱ्या घरांत ती मलाच अधिक चांगली ऐकूं येते, याचा मला थोडा गर्वहि आहे.

आणि त्या तीन मिनिटांतली रचना काय वर्णावी! अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माइतका आनंद मानणारे वैयाकरण प्रसिद्धच आहेत. त्यांनीं या तबकड्या ऐकावयास हव्या होत्या. आलाप नको तेवढा नाहीं, तान दाखवावी म्हणून घेतलेली नाहीं. तीन तास गाणाऱ्या कित्येकांना हें साधत नाहीं.

अल्लादिया खांसाहेबांची किंवा भास्करबुवा बखल्यांची मात्र एकहि तबकडी नाहीं. त्यांचें गाणें शिष्यांच्या गळ्यांतून शोधावें लागतें. अल्लादिया खांसाहेबांची विद्या मोगूबाई कुर्डीकरांस मिळाली आणि मोगूबाईंकडून त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांस. किशोरीताईंची भूप आणि बागेश्री ही तबकडी माझ्या वहींत यापूर्वींहि अनेकदां आली आहे. लोक भूपाची बाजू डोक्यावर घेतात. मला बागेश्री अधिक जवळची. भूपाचे पांच सूर इतके लख्ख आहेत कीं ऐकणाऱ्याचें कांहीं काम उरत नाहीं. बागेश्रींत कोमल निषादावरून धैवतावर येतांना ताई जी किंचित् ओढ ठेवतात, ती आजहि मला पूर्वींसारखीच ऐकूं येते. दोनदां-तीनदां सुई उचलून खात्री करून घेतली.

यंदा यादींतून एक नांव गळालें, आणि तें लिहितांना हात अडखळला. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी वर्षानुवर्षें माझ्या वहींत होती. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनीं उभा केला आहे. आरंभ अहिर भैरवानें होतो. संतुराचे आघात आतां मला पांघरुणाखालून आल्यासारखे वाटतात. श्रवणयंत्र लावून पाहिलें, तर निराळाच प्रकार! हीं यंत्रें मुख्यतः बोलण्यासाठीं घडविलेलीं असतात. यंत्र स्वतः शीळ घालूं नये म्हणून त्यांत जी योजना असते, ती बांसरीच्या लांब, शुद्ध सुरालाच शीळ समजून कापूं पाहते. परिणामीं हरिप्रसादांचा स्थिर सूर माझ्या कानांत थरथरतो. असला सूर ऐकण्यापेक्षां न ऐकलेला बरा. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. काब्रांच्या गिटारीला मी इतकीं वर्षें पाहुणी समजत होतों. यंदा संतूर मागें सरल्यावर ती मध्यभागीं आली, आणि तिच्या मींडांत किती नम्र, घरंदाज काम आहे तें प्रथमच ध्यानीं आलें.

कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनें ठेवलीं आहेत, परंतु त्यांस क्रम देतां आला नाहीं. क्षयामुळें ते १९४८ सालीं देवासला गेले, कांहीं वर्षें गाणें बंद होतें, आणि पुन्हा गाऊं लागले तेव्हां त्या गाण्यांत विरामांना निराळेंच महत्त्व आलें. त्या विरामांत तंबोरे बोलत असतात. मला ते फार पुसट येतात. म्हणून दोन ओळींच्या मध्यें जेथें पूर्वीं घुमणारी पोकळी होती, तेथें आतां नुसती पोकळी असते. कांहीं रात्रीं तीहि चांगली वाटते, कांहीं रात्रीं वाटत नाहीं.

श्रवणयंत्रांत संगीतासाठीं वेगळी योजना करून घेतां येते असें कर्णतज्ज्ञ म्हणतात. पाडव्यानंतर त्यांच्याकडे जावयाचें आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' नातीच्या स्वाधीन केली आहे. परवां ती आपण होऊन लावून बसली होती. मी शेजारीं जाऊन बसलों, तेव्हां तिनें आवाज वाढविला नाहीं. संतूर सुरू झालें कीं माझ्या गुडघ्यावर बोटांनीं हलकेच ठोका देऊं लागली.