काना

भिंगारच्या एका भंगारवाल्याकडे कूलरची मोटर शोधायला गेलो होतो. मोटर मिळाली नाही. पत्र्यांच्या ढिगाखाली एक ळ दिसला. पत्रे सरकवले तर ळच्या शेजारी आणखी अक्षरं, आणि त्यांच्यामागे गंजून तपकिरी झालेला गोदरेजचा मराठी टाइपरायटर. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवला. सोळा किलो भरला, भावही किलोचाच लागला. अक्षरांचे वेगळे पैसे नाहीत का, असं मी विचारलं. तो हसला नाही.

नगरची हवा कोरडी. इथं लोखंड इतकं सहजी गंजत नाही. ओळखीचे एक काका पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे, आता झेरॉक्स मशीन बघतात. त्यांनी गंजावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पावसाचा नाय हा. माठाखाली ठेवलं होतं कुणीतरी."

पहिल्या रविवारी मी हौसेने शिलाई मशीनचं तेल सगळीकडे सोडलं. पुढच्या रविवारी अक्षरं वर जायची आणि कागदापाशीच अडकून बसायची. ज्या कमानीच्या खाचांतून अक्षरांच्या दांड्या उठतात, तिथं तेलात धूळ कालवून मी छान लुकण तयार केलं होतं. काका माझ्यावर खेकसले. मग पेट्रोल, जुना टूथब्रश, आणि तीन रविवार. गंजलेल्या पट्ट्या चिंचेच्या कोळात ठेवल्या, धुतल्या, लगेच उन्हात टाकल्या. अक्षरांची पोटं टाचणीने कोरली. 'व'च्या आणि 'ब'च्या पोटात वाळलेली शाई कितीतरी वर्षांची असेल, काळ्या मिरीसारखी निघाली.

कळा पुसताना लक्षात आलं, बाकी सगळ्यांवरची अक्षरं फिकट का होईना, आहेत. एका कळेवर काहीच नाही. बोटांनी घासून घासून ती नुसती गुळगुळीत झालेली. ती कान्याची.

ज्यांनी मराठी टायपिंगचा क्लास केलाय, त्यांना हे सांगायला नको. या यंत्रावर ख, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं एका खटक्यात उमटत नाहीत. आधी अर्धं अक्षर, मग काना. पहिली वेलांटी खरोखर पहिली: आधी ती, मग तिचं अक्षर. उकार दाबला तर गाडा जागचा हलत नाही. परीक्षा परिषदेची परीक्षा या यंत्रावर व्हायची तेव्हा मिनिटाला तीस शब्द बसवायचे म्हणजे हे सगळं बोटांना पाठ लागायचं, डोळ्यांना नव्हे.

माझा क्लास झाला नाही. माझं टायपिंग म्हणजे एका लिंबाखाली बसलेला माणूस. आई तेव्हा अकोले तालुक्यात शिक्षिका होती आणि तिला नगरजवळ बदली हवी होती. मी आठ-नऊ वर्षांचा. कचेरीबाहेर लिंबाखाली खोक्यावर मशीन ठेवून तो बसायचा, कानाला पेन्सिल. आईने दिलेला कच्चा अर्ज त्याने वाचला आणि म्हणाला, "बाई, निबंध नाही पाठवायचा. घरी आजारी कोण?"

"कुणी नाही."

"मग सासू लिहितो."

"त्या चांगल्या ठणठणीत आहेत."

"सासरे?"

"ते गेले."

त्याने हात मांडीवर ठेवले. "मग तेच लिहू. सासरे वारले, सासूबाई एकट्या." ते खरंच होतं, आणि आईच्या अर्जात नव्हतं. आई काही बोलली नाही. चार कागद आणि मध्ये तीन कार्बन घालून त्याने रोळावर चढवले आणि असा काही धडाका लावला की खोकं थोडं थोडं पुढे सरकायला लागलं. त्याने ते पायाने अडवलं. घंटी वाजली की मी खूश. अर्ज निघाल्यावर आईने बोट ठेवलं, "विनंती दीर्घ असते." तो म्हणाला, "साहेब वाचत नाहीत बाई, शिक्का मारतात." तरी त्याने चारही प्रती एकेक करून खोडरबराने खोडल्या, फुंकर मारली, परत चढवल्या, आणि दीर्घ केली. मला तो माणूस अजून आवडतो.

बदली फार उशिरा झाली. चौथी प्रत आमच्याकडे राहिली, कारण अर्जदाराला नेहमी सगळ्यात पुसट प्रत मिळते. परवा ती काढली. मजकूर उडालाय. उभे काने तेवढे दिसतात.

त्या पुसट कागदावरून आठवलं: इथल्या, नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून कैदेत असताना मौलाना आझादांनी एका मित्राला पत्रं लिहिली. ती टपालात पडलीच नाहीत, पुढे पुस्तक झालं. नाव 'गुबार-ए-खातिर', म्हणजे मनावरची धूळ म्हणा. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्याच किल्ल्यात १९४४ साली लिहिलं. माझं मन मात्र न टाकलेल्या पत्रांकडेच जास्त ओढ घेतं.

गोदरेजने पहिला टाइपरायटर १९५५ साली आणला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. त्याच २००९ च्या नोव्हेंबरात सरकारने मराठी लिपीचा शासन निर्णय काढून 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा ठरवला. ही नावं ज्याने लिहिली त्याला शासनात कसं राहू दिलं कोण जाणे.

पुण्याहून रिबीन आणली. पहिली ओळ बोटांनी सवयीने टाइप केली: जि. अहमदनगर. 'जि.' सोडलं तर सात अक्षरं, सात खटके, ना काना ना मात्रा. मग आठवलं, २०२४ पासून नाव बदललंय. अहिल्यानगर: अ, वेलांटी, ह, अर्धा ल, य, काना, न, ग, र. नऊ खटके. गुळगुळीत कळेला एक काम वाढलं. तिने ते नीट केलं. 'ह' मात्र अजून वर जाऊन अडकतो आणि बोटाने खाली ओढावा लागतो.

तुमच्याकडे माळ्यावर असं यंत्र असेल तर खाली काढा. पण कमानीच्या खाचांत तेल घालू नका.